गेटवर घंटा मागा

प्रश्न : सिस्टर, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या पेशंटचा विभाग, १ तारखेपासून रात्री दहाला बंद होते ती सकाळी आठला उघडते. गेल्या आठवड्यात रात्री दीडला आईला दम्याचा जोरात अ‍ॅटॅक आला. चाळीस वर्षं विड्या वळल्यात तिनं. सवयीनं रिक्षा तिकडेच नेली. गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, ‘सिव्हिलला न्या.’ आई वाचली, पण दोन दिवस ऑक्सिजनवर होती. आता गल्लीत निवेदनावर सह्या घेणं चाललंय, सोमवारी मोर्चा आहे. दवाखान्याला असं करता येतं का? मोर्च्याला जाऊ का? – एक यंत्रमाग कामगार, अशोक चौक

उत्तर : भाऊ, आधी आईचं बोलू, मोर्च्याचं नंतर.

आईजवळ साधा पंप असेल. त्याला जोडायचा प्लास्टिकचा फुगीर डबा मिळतो, त्याला स्पेसर म्हणतात. तो घ्या. म्हाताऱ्या माणसाला पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकदम जमत नाही, निम्मं औषध जिभेवरच राहतं. अ‍ॅटॅक आला की कुठला पंप, किती वेळा आणि किती मिनिटांनी परत, हे तिच्या डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि कपाटाच्या दारावर चिकटवा. तिला आडवं करू नका, उशीला टेकवून बसवा. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळे दिसायला लागले किंवा ती गुंगीत जायला लागली, तर पंपाचा गुण येईपर्यंत थांबू नका. १०८ लावा, पंप चालू ठेवा. ती गाडी फुकट आहे आणि आत डॉक्टर असतो, हे आपल्याकडे २०१४ पासून आहे. तरी लोक अजून रिक्षाच शोधतात. गाडीला उशीर आहे असं फोनवर कळलं तर मग रिक्षा, पण थेट सिव्हिल. आणि गड्ड्याची यात्रा असेल तेव्हा होम मैदानाच्या बाजूनं जायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता गेटचं. वॉचमनला मी नावं ठेवणार नाही, त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. पण तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या बाईला एक गोष्ट लगेच दिसते. कॅज्युअल्टी बंद झाली म्हणून दवाखाना काही रिकामा होत नाही. वर वॉर्डात पेशंट झोपलेत ना? मग रात्रपाळीची सिस्टर आहे, आरएमओ म्हणजे मुक्कामी डॉक्टर आहे, ऑक्सिजन आहे, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर आहे. तुमच्या आईला त्या घटकेला जे लागत होतं, ते एक जिना चढून वर होतं. खाली फक्त कुलूप होतं.

माझ्या पाळीला पूर्व भागातल्या म्हाताऱ्या यायच्या, ‘दम्मु वस्तुंदी’ म्हणत, म्हणजे दम लागतोय. पहिल्या वर्षी मला तेलुगू कळायचं नाही, पण बाई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसली की भाषा लागत नाही. नेब्युलायझर लावला की वीस मिनिटांत बाई माझ्याशी भांडायला लागायची, घरी सोडा म्हणून. एवढंच काम असतं पुष्कळदा.

कायदा विचारलात. कॅज्युअल्टी अमुक वाजेपर्यंत उघडी ठेवा, या मागणीवर कोर्टात भांडत बसाल तर वर्षं जातील. त्यापेक्षा जे आधीच ठरलेलं आहे ते धरा. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८९ साली सांगितलं की, डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवायला लगेच हात लावायचा, पोलीस-कागद नंतर. धर्मादाय दवाखान्यांसाठी मुंबई हायकोर्टाची २००६ ची योजना आहे. त्यातल्या दहा टक्के निर्धन, दहा टक्के दुर्बल घटक या राखीव खाटा लोकांना माहीत असतात. पुढचं कलम कुणी वाचत नाही: तातडीचा पेशंट आला तर लगेच दाखल करून त्याची तब्येत सावरेपर्यंत उपचार द्यायचे आणि सरकारी दवाखान्यात हलवायची गरज पडली तर गाडीची सोय त्या दवाखान्यानंच करायची. निर्धन आणि दुर्बल घटकातल्या पेशंटकडं डिपॉझिट मागायचं नाही. ट्रस्ट या योजनेत येतो का, ते धर्मादाय आयुक्तांच्या सोलापूरच्या कार्यालयात विचारा. येत असेल तर त्या रात्रीची तारीख आणि वेळ घालून तिथंच लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

मोर्च्याला जरूर जा. पण निवेदनातलं ‘कॅज्युअल्टी २४ तास पूर्ववत चालू करा’ हे एकच वाक्य मला पुरेसं वाटत नाही. रात्री बसायला डॉक्टर मिळत नाहीत, हे ट्रस्टचं कारण असेल तर ते खोटं नसावं. मी स्वतः अशी एक रात्र काढलीये, शिकाऊ पोरगा ईसीजीची पट्टी हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत बसला होता. पेशंट नशिबानं वाचला. दबावाखाली उद्या तसलाच कुणीतरी पांढरा कोट घालून बसवला, तर फलक २४ तासांचा आणि आत कुणी नाही. म्हणून आणखी दोन ओळी घाला. गेटवर वॉर्डात वाजणारी घंटा हवी, ती वाजली की आरएमओनं खाली यायचं. आणि रात्री दहानंतर कॅज्युअल्टीचा लाल दिवा बंद करून ‘बंद’ची पाटी चौकातूनच दिसेल अशी लावायची, मराठीत आणि तेलुगूत. बंद दारावर लाल दिवा जळत ठेवणं, ह्याला मी माफ करू शकत नाही. लोक दिवा बघूनच रिक्षा वळवतात.

फोटोसाठी पुढं उभे राहणारे पुष्कळ येतील. निवेदन तुम्ही तुमच्या हातानं द्या, ती रात्र तुमची आहे.

प्रश्न : आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळी चालते. जवळची कॅज्युअल्टी बंद झाल्यावर कुणाचं बोट तुटलं तर काय करायचं? – एक कारखानदार

उत्तर : हळद भरू नका, चुना तर नाहीच. स्वच्छ फडक्यानं जखम दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये, ते काळं पडतं. रात्री बोट जोडणारा सर्जन कुठं मिळतो हे आज दिवसाउजेडी फोन करून विचारून ठेवा, नंबर मागांच्या शेडमध्ये भिंतीवर रंगवा. मॅनेजरच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, तो रात्री घरी असतो.