गालावर दाढी विरळ येते, रोज घोटली तर दाट होईल का? आणि स्टबल नीट कसं ठेवायचं?

भावा, तू लिहिलंयस की वय २१ आहे, हनुवटीवर आणि मिशीत बऱ्यापैकी केस येतात पण गालावर मोकळ्या जागा दिसतात, सलूनवाला म्हणतो रोज घोटून घे म्हणजे दाट येईल, आणि तुला पूर्ण दाढी नकोय, तीन-चार दिवसांची वाटेल एवढंच स्टबल हवंय. मी साताऱ्यात राहतो, बरीच वर्षं स्टबलच ठेवतोय आणि गाल माझे पण काय भरगच्च नाहीत, म्हणून सांगतो.

घोटून दाढी दाट होत नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वस्तरा वरचं टोक कापतो, खाली मुळाला त्याचा पत्ता पण लागत नाही. न कापलेला केस टोकाला निमुळता असतो आणि कापलेला बोथट, म्हणून हाताला खरखरीत लागतो आणि जाड झाल्यासारखा वाटतो, बाकी काही नाही. १९२८ साली अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी हे मोजून बघितलेलं, की दाढी केल्यानं केसाचा रंग, जाडी, वाढायचा वेग काहीच बदलत नाही. शंभर वर्षं होत आली त्याला, पण आमच्या साताऱ्यात राजवाडा भागातल्या कुठल्याही सलूनच्या खुर्चीत बसा, घोटायचाच सल्ला फुकट मिळतो. दाढी किती येणार हे हार्मोन आणि घराणं ठरवतं, वडिलांचे, मामाचे तरुणपणीचे फोटो काढून बघ जरा. आणि २१ ला गाल रिकामे असणं यात काळजीचं काही नाही, पुष्कळ जणांची दाढी पंचविशी ओलांडल्यावर पण भरत राहते.

आता स्टबलचं. सगळे चुकतात ते इथं की दाढी जिथं चांगली येते तिथलं बघून लांबी ठरवतात. उलटं करायचं, सगळ्यात विरळ जिथं आहे तिथं बघून लांबी ठरवायची. तुझ्या हनुवटीवर ६ मिमी झकास दिसेल पण तेवढ्यात गाल उगवण न झालेल्या सोयाबीनच्या रानासारखा दिसतो, तेच सगळीकडं २-३ मिमी ठेवलं की दोन्हीतला फरक कमी होतो आणि चेहरा एकसारखा वाटतो. म्हणून विरळ दाढीवाल्याला स्टबलच शोभतं, दाढी नाही.

पण आधी ती लांबी येऊ दे. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिमी वाढते, म्हणजे ३ मिमी व्हायला आठ-दहा दिवस जातातच, आणि लोक नेमकं चौथ्या-पाचव्या दिवशी खाज सुटली की वैतागून घोटून टाकतात. मी तर म्हणतो तीन-चार आठवडे काहीच कापू नको, म्हणजे कुठं काय येतंय ते कळेल, मग ट्रिमरनं खाली आण. श्रावण त्यासाठी बेस्ट, महिनाभर कोणी विचारत नाही, एरवी दाढी वाढली की आजी विचारणारच, कुणाचं सुतक आहे का रे बाबा. खाजेसाठी साबण बंद कर, साधा फेसवॉश वापर आणि आंघोळीनंतर चेहरा जरा ओलसर असताना खोबरेल तेलाचे दोन थेंब बोटावर चोळून लाव, दोनच थेंब, जास्त लावलंस तर पुरळ येईल. दाढीच्या तेलाची महागडी बाटली स्टबलला लागत नाही.

ट्रिमर कोरड्या दाढीवर, आंघोळीच्या आधी. गार्ड लावून आधी मोठ्या नंबरवर फिरव, मग एकेक पायरी खाली ये, डायरेक्ट १ मिमी लावून गाल साफ केलास तर परत आठवडाभर वाट बघ. आधी केस ज्या दिशेला झोपतात त्या दिशेनं, मग जिथं उंचसखल राहिलंय तिथं उलटं. गळ्यावर केस वाटेल तसे फिरलेले असतात तिथं बोटानं चाचपून बघ आधी. सलूनमध्ये करून घेणार असशील तर मशीनला एक नंबरचं गार्ड म्हणजे साधारण ३ मिमी आणि दोन नंबर म्हणजे ६, त्यामुळं नुसतं "बारीक कर" म्हणू नको, नंबर सांग, नाहीतर तो झिरो मारून मोकळा होतो.

खरा फरक पडतो तो गळ्याच्या रेषेनं. कंठमण्याच्या वर एक-दोन बोटं आडवी ठेव, तिथून दोन्हीकडं कानाच्या मागच्या बाजूला गोलाकार रेघ धर, त्या रेघेखालचं सगळं साफ. बरेच जण ही रेघ पार जबड्याच्या कडेला आणतात आणि मग तोंड खाली केलं की दुसरी हनुवटी उठून दिसते, बारीक पोरांची सुद्धा. गालावरचे तुरळक चुकार केस फक्त काढ, तिथं कोरून रेघ मारायला जाऊ नको, विरळ गालावर कोरलेली रेघ लांबून पेनानं काढल्यासारखी दिसते (लग्नाच्या फोटोत तर विचारूच नको). रेषा दर तीन-चार दिवसांनी केल्या तरी स्टबल नीटनेटकं दिसतं, आणि त्या सोडल्या की तेच स्टबल आळशी माणसाचं वाटतं.

सलूनमध्ये एक हट्ट धरायचाच, ब्लेड तुझ्यासमोर नवीन उघडायचं. जुन्या ब्लेडवर रक्ताचा अंश असला तर हिपॅटायटिस बी, सी सारखी दुखणी पसरू शकतात. तुरटी चांगली असते, रक्त थांबवते, कातडी आवळते, पण सकाळपासून सगळ्यांच्या गालावर फिरलेला तोच खडा आपल्या गालावर कशाला? आपला खडा घरी ठेवायचा, मी तर आल्यावर घरीच लावतो.

गळ्यावर केसतोड किंवा लाल पुरळ येत असेल तर आधी हेल्मेटचा पट्टा बघ, रोज हायवेनं कामाला जाणाऱ्यांचा तो घामानं चिकट झालेला असतो आणि नेमका तिथंच घासतो, धुऊन टाक. केस आत वळून फोड होत असतील तर वस्तरा बंद करून नुसत्या ट्रिमरवर ये. गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा म्हणजे नायटा असू शकतो, त्यावर मेडिकलमधून मिळेल ती ट्यूब लावू नको, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा जास्त पसरतो. आणि नाण्याएवढी एकदम गुळगुळीत जागा अचानक पडली तर ती चाई, ते तुझ्या विरळ दाढीपेक्षा वेगळं प्रकरण आहे, कुणी कांदा चोळ, लसूण चोळ म्हणेल, तू सरळ स्किनच्या डॉक्टरकडं जा.

बाकी कंपनीत पेंटशॉपला वगैरे घट्ट बसणारा मास्क लागत असेल तर स्टबल पण चालत नाही, कडेनं हवा शिरते, तिथं गुळगुळीतच पाहिजे.

मिनॉक्सिडिलबद्दल विचारशीलच म्हणून, ते मुळात बीपीचं औषध, नंतर डोक्याच्या केसांसाठी आलं. गालावर लावून काहींना फरक पडतो, पण कातडी कोरडी पडणं, धडधडणं हे पण होतं, आणि चिकाटीनं कित्येक महिने लावावं लागतं. डॉक्टरला न विचारता ऑनलाइन मागवू नको, आणि घरात मांजर असेल तर अजिबातच नको, तिनं थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं.