वाचकांचे प्रश्न : फलक दिसतच नव्हता, मग दंड कशाचा?

प्रश्न : १७ तारखेला बाजारपेठेतल्या एका रस्त्यावर स्कूटर लावून मी औषधे आणायला गेले. त्या रस्त्यावर सम-विषम तारखेचे पार्किंग आहे, हे मला नंतर कळले. कारण माझ्या बाजूचा ‘पी-२’ (म्हणजे फक्त सम तारखेला पार्किंग) हा फलक वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्समागे पूर्ण झाकला गेला होता. संध्याकाळी ५०० रुपयांच्या ई-चलनाचा संदेश आला. तिथे आणखी बऱ्याच दुचाक्या उभ्या होत्या. दंड भरून टाकावा की तक्रार करावी?

उत्तर : तक्रार करायची असेल, तर दंड आधी भरू नये. चलनाची रक्कम ही मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालील तडजोडीची रक्कम असते. ती भरली की प्रकरण तिथेच मिटते आणि नंतर फलकाचा मुद्दा काढण्यात फारसा अर्थ उरत नाही. मात्र चलनावरची मुदत उलटू देऊ नये.

आपली बाजू कशावर उभी आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. वाहतुकीचे फलक लावण्याचा अधिकार कलम ११६ ने शासनाला आणि शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला दिला आहे, तर ते पाळण्याचे बंधन कलम ११९ ने वाहनचालकावर घातले आहे. त्यामुळे ‘मला नियम माहीत नव्हता’ असे लिहिल्यास अर्ज टिकणार नाही. ‘त्या दिवशी, त्या जागी, रस्त्यावरून येणाऱ्या चालकाला फलक दिसणे शक्य नव्हते’ असे लिहावे. इतर दुचाक्यांचा उल्लेख गाळलेला बरा. त्यांनाही चलन गेले असेल, एवढ्या एका उत्तराने तो मुद्दा निकालात निघतो.

खरे महत्त्व पुराव्याला आहे आणि तिथे घाई हवी, कारण असे फ्लेक्स समारंभ आटोपला की रातोरात उतरतात. फलकाजवळ जाऊन टिपलेला फोटो एकटा पुरेसा नाही. ज्या दिशेने आपण आलात, त्या दिशेने, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो हवा. दुसऱ्या एका फोटोत खांब, फ्लेक्स आणि शेजारच्या दुकानाची पाटी एकत्र यावी, म्हणजे जागेबद्दल वाद राहणार नाही. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच ठेवावेत, कारण त्यांत तारीख आणि वेळ नोंदलेली असते. औषधांच्या बिलावर वेळ छापलेली असल्यास तेही जोडावे. चलनासोबत पोलिसांनी काढलेला फोटो राज्य पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर पाहता येतो. त्यात केवळ नंबरप्लेट दिसत असेल आणि फलक कुठेच नसेल, तर ते अर्जात आवर्जून नमूद करावे.

तक्रार याच संकेतस्थळावर, चलन क्रमांक देऊन आणि फोटो जोडून नोंदवता येते. शिवाय वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, असे मी सुचवेन. ऑनलाइन तक्रारीला एका ओळीचा नकार आला, तर हीच पोच पुढे उपयोगी पडते. सम-विषम पार्किंगसाठी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. त्या आदेशाची प्रत आणि फलक लावल्याची तारीख माहिती अधिकाराखाली मागता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे.

तक्रार फेटाळली गेली आणि लोकअदालतीची नोटीस आली, तर तिथे तडजोड होते, दोष कोणाचा याचा निवाडा होत नाही, हे लक्षात ठेवावे. निवाडाच हवा असेल, तर न्यायालयात गुन्हा कबूल नसल्याचे सांगावे लागेल. ५०० रुपयांसाठी तेवढा वेळ घालवावा का, हे आपण ठरवावे; परंतु पुन्हा असाच गुन्हा नोंदला गेल्यास दंड १,५०० रुपयांवर जातो, हेही हिशेबात धरावे.

स्कूटर पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगवर किंवा बसथांब्यापाशी उभी असेल, तर मात्र हा सगळा युक्तिवाद कोसळतो. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार अशा जागी फलक नसला तरी पार्किंगला मनाई आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने स्वतःच ‘नो पार्किंग, अन्यथा हवा सोडली जाईल’ अशी पाटी टांगली आहे. ती पाळणे बंधनकारक आहे का?

उत्तर : नाही. सार्वजनिक रस्त्यावर अशी मनाई करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही आणि ‘हवा सोडली जाईल’ ही धमकी तर कायद्यात कुठेच बसत नाही. पण पाटी फाटकावर असेल आणि आपल्या गाडीने ये-जा अडत असेल, तर दंड होऊ शकतो. तो पाटीमुळे नव्हे, वाट अडवल्यामुळे. पाटी रस्त्यावरच्या खांबाला बांधलेली असेल, तर ती काढण्यासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात फोटोसह तक्रार द्यावी.