व्याह्यांची वंशावळ आणि इतर प्रश्न

प्रश्न : मुलगी विनिपेगला असते. तिच्या सासूबाई मेनोनाइट घराण्यातल्या. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दोन्ही कुळांची वंशावळ एकाच कागदावर छापून द्यायची आहे. आमच्या सात पिढ्या मला पाठ आहेत. व्याह्यांकडे मात्र घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर एवढंच आहे : आडनाव टेव्स, जन्म 1851, बर्गथाल; 1874 मध्ये कॅनडात. पुण्यात बसून पुढे किती जाता येईल? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : बरंच मागे जाता येईल, कारण तुमच्याकडे ‘बर्गथाल’ आहे. नुसतं ‘रशियातून आले’ एवढंच हाती असतं तर वर्ष गेलं असतं.

थोडी पार्श्वभूमी. मेनोनाइट हा सोळाव्या शतकात नेदरलँड्स आणि आसपासच्या भागात उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. नाव मेनो सिमन्स या धर्मोपदेशकावरून पडलं. शस्त्र धरायचं नाही आणि बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या समजुतीने घ्यायचा, या दोन गोष्टींवर ते अडून राहिले, म्हणून त्यांचा छळ झाला. त्यांच्यातले बरेच जण विस्तुला नदीच्या मुखाजवळच्या पाणथळ जमिनीत, डान्झिगच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) परिसरात गेले आणि ती जमीन त्यांनी पाणी काढून लागवडीला आणली. पुढे प्रशियाच्या राजवटीत जमीन घ्यायला आडकाठी आली, तेव्हा ते रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये उतरले. 1789 मध्ये खोर्टिट्सा, 1804 मध्ये मोलोच्ना आणि 1836 मध्ये खोर्टिट्साची लेकवसाहत म्हणून बर्गथाल. रशियाने 1874 मध्ये सक्तीची लष्करभरती आणली. त्या दशकात सुमारे 18,000 मेनोनाइट उत्तर अमेरिकेत गेले, त्यांतले सात हजारांच्या आसपास मॅनिटोबात, म्हणजे विनिपेग आहे त्या प्रांतात. बर्गथाल वसाहत तर 1874 ते 1876 या काळात जवळजवळ सगळीच उठून गेली. तुमच्या बायबलमधली नोंद त्यात अगदी चपखल बसते.

आता कामाला लागू. मूळपुरुषापासून खाली यायची आपली सवय इथे सोडा. नातवापासून वर चढा. नाहीतर अठराव्या शतकातल्या एखाद्या टेव्सला धरून खाली याल आणि भलत्याच घरात उतराल.

पहिली पायरी मॅनिटोबातली. तिथे सरकारी जन्म-मृत्यू नोंद 1882 पासून सुरू झाली आणि जुन्या नोंदींची सूची ऑनलाइन पाहता येते. मग जनगणना : 1881, 1891, 1901. तिन्ही पाहा, पण 1901 ची आधी उघडा, कारण तिच्यात पूर्ण जन्मतारीख आणि कॅनडात आल्याचं वर्ष असे स्वतंत्र रकाने आहेत. शोधताना आडनावाच्या स्पेलिंगला चिकटून राहू नका. टेव्स हे मूळ टी-ओ-ई-डब्ल्यू-एस असं लिहितात. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं टी-ए-व्ही-ई-एस लिहिलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन स्पेलिंगांनी सापडतात. आडनावाऐवजी गाव, वय आणि मुलांच्या नावांचा क्रम धरून शोधलंत तर लवकर सापडेल.

दुसरी पायरी जहाजाची. मॅनिटोबाला जाणारे बहुतेक लोक हॅम्बुर्गहून इंग्लंडमधल्या हल बंदराला, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला आणि लिव्हरपूलहून क्वेबेकला गेले. म्हणून एकाच प्रवासाच्या दोन याद्या मिळतात. हॅम्बुर्गच्या याद्यांचे ‘थेट’ आणि ‘इंग्लंडमार्गे’ असे दोन वेगळे भाग आहेत, आणि लोक थेट यादी चाळून ‘नाव नाही’ म्हणून सोडून देतात. तुम्हाला दुसरा भाग हवा. क्वेबेकच्या यादीत वयं अंदाजे असतात, कुटुंबं मात्र सलग लिहिलेली असतात. आगेमागे कोणती घरं आहेत तीही उतरवून घ्या. हे लोक गावच्या गाव मिळून निघत. शेजारच्या ओळीत सासुरवाडी निघण्याची शक्यता चांगली असते.

तिसरी पायरी मंडळीच्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या, वह्यांची. प्रत्येक मंडळीच्या कुटुंबवहीत एका कुटुंबाला एक जागा : नवरा, बायको, मुलं, जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, आणि बरेचदा दोघांच्या आईवडिलांची नावंही. बर्गथालची वही उपलब्ध आहे. तिच्या मागे रशियन सरकारच्या ‘रिव्हिजन’ (शिरगणतीच्या) याद्या येतात, त्यांतल्या 1835, 1850 आणि 1858 च्या तुमच्या कामाच्या. या याद्यांत पुरुषाचं मागच्या यादीतलं वय आणि आत्ताचं वय शेजारी शेजारी असतं, आणि मधल्या काळात तो मेला की दुसऱ्या गावी गेला तेही. वंशावळ जोडायला यापेक्षा सोयीचा कागद क्वचितच मिळतो. त्याही मागे 1776 ची प्रशियातली मेनोनाइट कुटुंबप्रमुखांची मोजणी आहे. तिथवर पोचलात तर 1851 च्या वर तीन-चार पिढ्या झाल्या, आणि बहुतेकांची वाट तिथेच संपते.

या सगळ्याला आडवा छेद देणारी एक दफ्तरशाखा आहे, तिला विसरू नका : ‘वाइझेनआम्ट’, शब्दशः अनाथ-कचेरी. नाव अनाथांचं, काम वारसांचं. नवरा किंवा बायको गेली की मागे राहिलेल्याला दुसरं लग्न करण्याआधी मालमत्तेची वाटणी करावी लागे. निम्मी मागे राहिलेल्याची, निम्मी मुलांची, आणि मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखी. अज्ञान मुलांवर पालक नेमत, त्यांचे पैसे कचेरी सांभाळी आणि व्याज लावी. त्यामुळे पहिल्या बायकोची मुलं कोणती आणि दुसरीची कोणती, लेकी कुठे दिल्या, हे या वह्यांत लख्ख दिसतं. ज्या काळात आपल्याकडच्या वंशावळींत मुलींच्या नावाला जागाच नव्हती, त्या काळातल्या या नोंदी आहेत.

शेवटी ‘ग्रँडमा’. हा कॅलिफोर्नियातल्या मेनोनाइट इतिहास संस्थेचा वंशावळींचा मोठा संगणकीय साठा. वर्गणी भरून पाहता येतो. प्रत्येक व्यक्तीला क्रमांक असतो. तुमच्या कागदावर नावापुढे तो लिहा, म्हणजे एकाच नावाचे पाच जण एकमेकांत मिसळणार नाहीत. पण हा साठा अनेकांनी मिळून भरलेला आहे. तिथे दिसलं म्हणून खरं, असं धरू नका. नोंदीखाली आधार दिला असेल तो मूळ कागद विनिपेगच्या मेनोनाइट हेरिटेज आर्काइव्ह्जमधून मागवा. मुलगी त्याच शहरात आहे, एक दुपार पाठवा तिला.

प्रश्न : मेनोनाइट जावयाच्या खापरपणजोबांच्या जन्माच्या दोन तारखा मिळाल्या, 20 मे 1851 आणि 1 जून 1851. बाप्तिस्म्याचं साल तर 1872 आहे. शिवाय त्याच आईबापांच्या पोटी त्याच नावाचा आणखी एक मुलगा 1848 चा दिसतो. वही लिहिणाऱ्याने घोळ घातला आहे का? (एक वाचक, औंध)

उत्तर : वही लिहिणारा निर्दोष आहे. रशियात तेव्हा जुनी, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. एकोणिसाव्या शतकात ती आपल्या नेहमीच्या तारखेपेक्षा 12 दिवस मागे होती. 20 मे अधिक 12 दिवस म्हणजे 1 जून. माणूस एक, दिवस एक. कागदावर दोन्ही तारखा लिहा आणि पुढे ‘जुनी’, ‘नवी’ अशी खूण करा. घरातल्या कोणीतरी आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा 12 मिळवले की 13 जून अशी तिसरीच तारीख उगवते, आणि मग ती कायमची चिकटते.

बाप्तिस्मा 1872 चा, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर. मेनोनाइटांत तेच वय. इतर ख्रिस्ती पंथांच्या नोंदींवरून ‘बाप्तिस्मा म्हणजे जन्मानंतर महिन्याभरात’ हा हिशेब डोक्यात बसलेला असतो, तो इथे एकवीस वर्षांनी चुकतो. उलट बाप्तिस्मा आणि लग्न पाठोपाठ आलेले दिसतील, कारण बाप्तिस्म्याशिवाय मंडळीत लग्न लागत नसे.

1848 चा मुलगा बहुधा लहानपणीच गेला असणार. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती. त्याच्या नावापुढे मृत्यूची नोंद किंवा बारीकसा क्रॉस आहे का पाहा.

एक गोष्ट मराठी माणसाला पटकन उमजेल. रशियातल्या नोंदींत मधलं अक्षर बरेचदा बापाच्या नावाचं असतं, अगदी आपल्यासारखं. कॅनडात आल्यावर मात्र तिथे आईच्या माहेरच्या आडनावाचं अक्षर घालायची चाल पडली. म्हणजे ‘पी.’ हे 1860 च्या कागदावर असेल तर बाप पेटर असू शकेल, आणि 1910 च्या कागदावर असेल तर आई पेनरांची. सगळीकडे हा नियम लागत नाही, पण पहिली शंका या दिशेने घ्यावी.

या वह्यांतली जुनी जर्मन वळणं वाचायला अवघड जातात ती मुख्यतः दोन अक्षरांमुळे. ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखेच, दोन उभ्या रेघा. आणि ‘यू’ च्या डोक्यावर ओळखीसाठी चंद्रकोरीसारखी खूण. मोडी शिकलेल्यांना हे महिन्याभरात जमतं.

प्रश्न : मॅनिटोबातल्या होमस्टेडच्या (सरकारने वसाहतीसाठी दिलेल्या जमिनीच्या) फायलीत सोयऱ्यांच्या मेनोनाइट कुटुंबाची जमीन ‘एनई 14-6-5 ई’ अशी लिहिली आहे. घरचे म्हणतात, तिथे आमचं शेत कधीच नव्हतं. (एक वाचक, बाणेर)

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. आधी आकडे वाचू. सहावी टाउनशिप, मुख्य रेखावृत्ताच्या पूर्वेला पाचवी रेंज (टाउनशिपांची उभी रांग), तिच्यातला 14 वा सेक्शन आणि त्याचा ईशान्य चतुर्थांश. टाउनशिप सहा मैल लांब-रुंद, तिच्यात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन. क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेला जातात, दुसऱ्या ओळीत उलटे पूर्वेला येतात, पुन्हा पश्चिमेला. शेतात औत फिरतं तसे. 14 वा म्हणजे दक्षिणेकडून तिसरी ओळ, पूर्वेकडून दुसरा. चतुर्थांश म्हणजे 160 एकर. ही जागा मेनोनाइटांसाठी राखलेल्या ईस्ट रिझर्व्हमध्ये येते.

कॅनडाच्या 1872 च्या कायद्याप्रमाणे 10 डॉलर फी भरून 160 एकर मिळत. तीन वर्षं राहून कसून दाखवलं की मालकीपत्र. पण अट अशी की राहायचं त्याच तुकड्यावर. मेनोनाइटांना तर रशियातल्यासारखं एका रस्त्याच्या दुतर्फा गाव वसवून राहायचं होतं. त्यांना तशी सवलत मिळाली. मग गावकऱ्यांनी आपापले चतुर्थांश कागदोपत्री वेगळे ठेवले, पण जमीन एकत्र करून तिच्या लांब पट्ट्या पाडल्या आणि चांगली, मध्यम, पाणथळ अशी प्रतवारी करून वाटल्या. त्यामुळे ज्याच्या नावावर 14 वा सेक्शन, तो नांगर धरायचा कदाचित 22 व्यात.

तरीही ती फाइल टाकू नका. मालकीपत्रासाठी दिलेल्या शपथेवरच्या जबाबात कधी राहायला आला, कोणत्या वर्षी किती एकर मोडून पेरले, घर केवढं, गुरं किती, घरात माणसं किती, हे सगळं असतं. शेत शोधायचं तर मात्र गावाचा पट्ट्यांचा नकाशा पाहावा लागेल. आणि गावाच्या नावाला फसू नका : ब्लुमेनोर्ट हे गाव मोलोच्नात होतं, ईस्ट रिझर्व्हमध्ये आहे आणि वेस्ट रिझर्व्हमध्येही. गावाच्या नावापुढे देश आणि साल लिहायचंच.

प्रश्न : परक्यांची वंशावळ दोनशे वर्षं मागे जाते, आणि पुरंदर तालुक्यातल्या आमच्या घराची आजोबांपाशी अडते. आमच्याकडे कागदच नाहीत का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : कागद आहेत, फक्त मंडळीच्या वहीऐवजी जमिनीच्या दप्तरात आहेत. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या. एकत्रीकरण योजनेच्या पत्रकावरून त्याचा जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा काढा. ही पायरी चुकवली की पुढचे सगळे अर्ज ‘नोंद आढळत नाही’ म्हणून परत येतात. मग त्या नंबरावरचे फेरफार एकेक करून मागे. वारसाच्या फेरफारात मयताची तारीख आणि सगळे वारस असतात. हक्कनोंदीचा कायदाच 1903 चा, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण तिथे संपते. 1930 च्या आसपासचं क-ड-ई पत्रक (जमिनीच्या नोंदींचा जुना तक्ता) मधल्या पिढ्या जोडायला कामी येतं. यातलं बरंच आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेलं आहे; नसेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

त्या आधीच्या काळासाठी गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती बहुधा मोडीत असते. आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना एक जादा सोय आहे. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचं गहाणखत गावच्या रजिस्ट्रारसमोर करावं लागे, म्हणून त्यात बापाचं नाव, गाव, जमीन असा तपशील मिळतो. त्याआधीची सावकारी खतं कमी सापडतात. त्याला काही अंशी 12 मे 1875 ला सुप्यात सुरू झालेला दंगा कारण आहे. शेतकऱ्यांनी ती शोधून शोधून जाळली.

वाचताना थोड्या खुणा लक्षात ठेवा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ असेल तर वारस अज्ञान आहे आणि पुढचं नाव त्याच्या पालकाचं. ते बापाचं समजून पिढी वाढवू नका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्या थोरल्याचं नाव दिसतं, धाकटे भाऊ त्याच्यामागे दडलेले असतात, आणि त्यांची नावं वाटणीच्या फेरफारातच बाहेर येतात. साल शक असेल तर 78 मिळवा, आणि नोंद जानेवारी ते फाल्गुन अखेरची असेल तर 79. दख्खनी फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590, आणि नोंद जानेवारी ते मे अखेरची असेल तर 591, कारण ते साल मृगाला बदलतं.