पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव टबात पोहत का नाही?

मुलाच्या वाढदिवसाला कुणीतरी हे कासव दिलं, टबात सोडलं तर पोहत नाही, नुसतं कडेला नखं घासत राहतं, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्याला बाहेर काढा, मग पुढचं वाचा. ते बुडतंय.

हे स्टार कासव. तळ्यातलं नाही, माळावरचं. पाय बघा: बोटांमध्ये पडदा नाही, हत्तीसारखे खांब आहेत. गुजरात, राजस्थान आणि पलीकडे सिंधचा काटेरी मुलूख हे त्याचं एक घर. मग मध्ये मोठा खंड, आणि पुन्हा आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, श्रीलंका.

मी पहिल्यांदा पाहिलं ते सौराष्ट्रात, नुकता पाऊस पडून गेल्यावर. थोराच्या कुंपणाखाली, माझ्यापासून दोन हातांवर होतं, तरी दिसेना. हातात घेतल्यावर झगमगणाऱ्या त्या पिवळ्या रेघा वाळक्या गवतात काड्यांमध्ये मिसळून जातात. कडक उन्हाळ्यात ही कासवं झुडपाखाली दडून असतात. पाऊस आला की खाणं, जोडीदार शोधणं, सगळ्याची एकदम घाई. गवत, पानं, निवडुंगाची बोंडं खातात. एखादी गोगलगायही सोडत नाहीत. मादी नरापेक्षा बरीच मोठी. अंडी घालताना ती मुतून माती मऊ करते आणि मागच्या पायांनी खड्डा उकरते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरतं.

घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते म्हणे. (देवळातलं दगडी कासव पुरेसं नव्हतं का?) भारतातल्या एकाच व्यापारकेंद्राची पाहणी झाली, तर तिथूनच वर्षाला किमान 55,000 स्टार कासवं उचलली जात असल्याचं दिसलं. 2019 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचं नाव आहे. भेट मिळालं म्हणून बाळगता येत नाही.

जवळच्या टेकडीवरही सोडू नका. ते गुजरातकडचं की आंध्रकडचं हे तुम्हाला कळणार नाही, आणि पाळलेल्या जनावराचे आजार रानात जातात. महाराष्ट्रात असाल तर वनखात्याच्या 1926 वर फोन करा. माणसं येईपर्यंत कोरड्या खोक्यात वाळकं गवत घाला आणि पाणी ठेवायचंच तर उथळ ताटलीत.