वादळानंतरचा क्लेम: आधी सांगा, पाणी आलं कुठून?

यावेळी टपालात जवळपास सगळी पत्रं वादळाचीच. कुणाची खिडकी, कुणाचा पत्रा, कुणाची गाडी, आणि बहुतेकांचा शेवट एकच, की कंपनी टोलवतेय, काय करू. पाच पत्रं निवडलीयत. बरीचशी एकाच जागी अडकलीयत, पाणी कुठून आलं हे कागदावर नीट सांगितलेलंच नाही, "वादळामुळे घराचं खूप नुकसान झालं" एवढं एक वाक्य लिहून फॉर्म दिलाय. अशा वाक्यावर पैसे मिळत नाहीत हो.

प्रश्न: नमस्कार ताई, बोरिवलीला आमचा सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्या रात्री हॉलच्या स्लायडिंगची काच चौकटीसकट आत आली आणि पाऊस सरळ घरात. टीव्ही गेला, सोफा भिजला, लाकडी फ्लोरिंग फुगलं, बेडरूमच्या पीओपीचा पण मोठा तुकडा पडला. सर्व्हेअर आले, बेडरूमचं छत बघितलं आणि म्हणाले ही जुनी गळती आहे, यात काही मिळणार नाही. सेक्रेटरी म्हणतात सोसायटीचा विमा आहे, त्यातून बघू. नेमकं कुणाला धरायचं?

उत्तर: दोघांनाही धरायचं पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी, आणि गोंधळ तिथेच झालाय. तुमच्या घरात दोन नुकसानं आहेत आणि तुम्ही ती एका अर्जात एकत्र कालवलीयत. हॉलची चौकट वाऱ्याने उखडली, ते वादळाचं नुकसान, आणि साधारण कुठल्याही घराच्या पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर हे धोके असतात (जुन्या पॉलिसीत एसटीएफआय असं लिहिलेलं दिसेल, ते तेच). बेडरूमचं पीओपी मात्र गच्चीतून हळूहळू मुरलेल्या पाण्याने पडलं असेल तर ते विम्यात बसत नाही, कारण मुरणं, ओल, झीज या गोष्टी अचानक झालेल्या नाहीत. सर्व्हेअरने आधी बेडरूम बघितली आणि तोच शिक्का हॉलवरही मारला असं दिसतंय.

सर्व्हेअर काय बघतो ते सांगते. जुन्या गळतीचा डाग पिवळा-तपकिरी असतो, एकात एक कडा पडलेल्या असतात, रंगाला फुगे आणि पापुद्रे येतात, कोपऱ्यात काळी बुरशी असते. एका रात्रीत आलेल्या पाण्याने असं होत नाही, तिथे फ्लोरिंग खिडकीच्या बाजूने फुगतं आणि आत येत येत कमी होतं. म्हणजे तुमच्या फ्लोरिंगचे खिडकीपासून आतपर्यंतचे फोटो हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. चौकटीचे स्क्रू भिंतीतून जिथून उपटले गेले ती भोकं, वाकलेलं अॅल्युमिनियम, हे अगदी जवळून काढा. ती चौकट भंगारात देऊ नका अजून! आणि छत आधी चांगलं होतं हे दाखवायचं असेल तर मोबाईलमध्ये गणपतीचे फोटो शोधा, मखराच्या वर छत दिसतंच, तारखेसकट. कुणाला सुचत नाही पण फार कामाला येतं. त्या दिवशीच्या वाऱ्या-पावसाची हवामान खात्याची कुलाबा किंवा सांताक्रूझची नोंद पण जोडा, तुम्हाला जे जवळचं असेल ते.

मग कंपनीला नवीन मेल टाका, खोलीनुसार. हॉलमध्ये काय गेलं, कशाने गेलं, दुरुस्तीचं एस्टिमेट किती. बेडरूमचा परिच्छेद वेगळा. फेरपाहणी मागा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

आता सोसायटी. सोसायट्यांच्या नमुना उपविधींमध्ये, म्हणजे नियमावलीत, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणं बंधनकारक आहे, वादळाचा घेतलाय की नाही ते पॉलिसी बघितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून "विमा आहे" यावर विश्वास ठेवून बसू नका, प्रत मागा. आणि असला तरी तो इमारतीचा, तुमच्या सोफ्याचा नाही. गच्चीची गळती दुरुस्त करणं मात्र सोसायटीचंच काम, उपविधींमध्ये पावसाच्या पाण्याची गळती त्यांच्याच यादीत आहे, तेव्हा बेडरूमसाठी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं जिन्यातच राहतं.

अजून एक. तुमची पॉलिसी होम लोनबरोबर बँकेने गळ्यात मारलेली असेल तर ती बऱ्याचदा फक्त बांधकामाची असते आणि क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, त्यात बांधकामाचा विमा घेतला की घरातलं साधं सामान आपोआप येतं, बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. दागिने त्यात नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, पॉलिसीचं नाव काय आहे ते आधी बघा, टीव्ही-सोफ्याचं उत्तर तिथेच आहे.

प्रश्न: आम्ही परळला राहतो, अलिबागजवळ गावी कौलारू घर आणि थोडी वाडी आहे. वादळात शेजारच्यांचा माड आमच्या स्वयंपाकघरावर पडला, कौलं गेली. तीन दिवसांनी पोचलो तोवर घर सांभाळणाऱ्यांनी माड तोडून सगळं साफ केलं होतं, आणि मागचं दार तुटलं होतं तिथून तांब्याची भांडी पण गेली. शेजाऱ्यांकडून भरपाई मागावी का? काका म्हणतात तलाठ्याचा पंचनामा झाला की विमा मिळतो.

उत्तर: काकांना सांगा, पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनी स्वतःचा सर्व्हेअर पाठवते. पण करून घ्याच, एक तर वाडीतल्या माड-पोफळीला घराच्या विम्यातून काही मिळत नाही, त्याला सरकारी मदतच, आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे माड पडलेल्याचा पुरावा उरलेला नाही, तो या पंचनाम्यात लिहून आला तर सोन्यासारखा. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात हेच झालं, श्रीवर्धनच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि लोक घराच्या पॉलिसीत झाडं शोधत बसले.

शेजाऱ्यांच्या मागे लागू नका. झाड कोसळून झालेलं नुकसान गृह रक्षात थेट कव्हर आहे, झाड कुणाचं हा प्रश्न कंपनी तुम्हाला विचारणार नाही, आणि वादळात पडलेल्या माडासाठी शेजारी दोषी आहे हे सिद्ध करता करता तुमचे गावचे संबंध मात्र जातील.

साफसफाई केली हे चूक नाही, नुकसान वाढू न देणं हे तर पॉलिसीतच लिहिलेलं असतं, ताडपत्री टाका, पाणी काढा, त्याची बिलं ठेवा. फक्त आधी फोटो हवेत. गावात कुणी ना कुणी मोबाईलवर काढलेच असतील, वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारा. माड तोडणाऱ्याला किती दिले त्याची साध्या कागदावर सही घ्या, ढिगारा उचलायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

भांड्यांचं: वादळासारख्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरी या पॉलिसीत धरली जाते, हे फार कमी जणांना माहीत असतं. पोलिसात तक्रार लगेच द्या. घर बरेच महिने बंद असतं हे कंपनीला माहीत आहे का ते मात्र तपासा, नसेल तर पुढच्या वर्षी तरी लेखी कळवून ठेवा.

प्रश्न: मशीद बंदरला माझा कापडाचा गाळा आहे. पत्रा उडाला, पोटमाळ्यावरचा माल भिजला. विमा ६ लाखांचा, नुकसान २ लाखांचं, तरी कंपनी म्हणते १ लाख २० हजारच मिळतील. ही लूट नाही का?

उत्तर: रागावू नका, पण हिशोब बरोबर असू शकतो. कंपनीच्या आकड्यावरून दिसतं की सर्व्हेअरने तुमच्या गाळ्यात त्या दिवशी १० लाखांचा माल धरलाय. तेवढा होता ना? मग तुम्ही विमा साठ टक्क्यांचाच काढला होता, म्हणून नुकसानही साठ टक्केच भरून मिळतं. घराच्या गृह रक्षात ही कात्री नाही, धंद्याच्या पॉलिसीत आहे. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही छोट्या धंद्याची पॉलिसी असेल तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, तुमची चाळीस आहे. व्यापारी लोक हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहितात आणि सणाच्या आधी माल दुप्पट भरतात, मग हे होतं.

भांडायची जागा दुसरी आहे. १० लाख हा आकडा सर्व्हेअरने कुठून काढला? तुमच्या स्टॉक रजिस्टरवरून, जीएसटीच्या खरेदी बिलांवरून की नुसता नजरेने? आणि भिजलेल्या ताग्यांची किंमत किती धरून वजा केली? धुऊन सेकंडमध्ये जाणारा माल आणि रंग उतरलेला माल एकाच भावाने धरला असेल तर तिथे पैसे वाढवून मिळतात. तागे टाकून दिले नसतील तर वेगवेगळे लावून ठेवा आणि मोजून घ्या सर्व्हेअरसमोर.

प्रश्न: साडेचार लाखांचा क्लेम होता (घराचा), कंपनीने २ लाख १० हजार मंजूर केले आणि व्हाउचर पाठवलंय, 'फुल अँड फायनल' लिहिलंय. सही केली तर हक्क संपतो का? घरात पैसा नाही, सही करावीशी वाटते.

उत्तर: पैसे घ्या. सही करताना "रक्कम मान्य नाही, हरकत कायम ठेवून स्वीकारत आहे" एवढं हाताने लिहा आणि तेच मेलवर पाठवा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१५ मध्येच कंपन्यांना बजावलंय की अशा व्हाउचरवरची सही दाखवून ग्राहकाचं तोंड बंद करायचं नाही.

मग कशासाठी किती कापलं ते कलमासकट लेखी मागा. "नियमानुसार" हे उत्तर नाही. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात वेळ पण बांधून दिलीय, सर्व्हेअर २४ तासात नेमायचा, रिपोर्ट १५ दिवसात, आणि त्यानंतर ७ दिवसात निर्णय; कागद अपुरे म्हणून क्लेम नाकारायचा नाही असंही त्यात आहे. तुमच्या तारखा याच्याशी ताडून बघा आणि उशीर असेल तर पत्रात लिहा.

कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्या, आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ ला फोन करा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला आहे, अर्ज ऑनलाइनही होतो. फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जा. एजंट म्हणेल थांबा, वरती बोलतो. बोलू द्या त्याला, तुम्ही तारीख मोजत रहा.

प्रश्न: गाडीवर गुलमोहर पडला, शिवाय रात्रभर पाण्यात होती. थर्ड पार्टी विमा आहे. मिळेल काही?

उत्तर: नुसत्या थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीला काहीच मिळत नाही, झाड पालिकेचं असलं तरी. रस्त्यावरच्या धोकादायक झाडाची तक्रार आधी पालिकेकडे नोंदवलेली असेल तर तो नंबर शोधा, पालिकेकडे भरपाई मागायला तेवढा एक आधार, पण लगेच पैसे येतील अशी आशा धरू नका. ज्यांचा फुल विमा आहे त्यांना झाडाचं नुकसान मिळतं, इंजिनाचं मात्र वेगळं, पाण्यातली गाडी सुरू करून इंजिन बसलं तर कंपनी हात वर करते, इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं असल्याशिवाय. तुमची अजून सुरू केली नसेल तर स्टार्टर मारू नका, टो करून गॅरेजला न्या, तेल बदलून साफ करण्यात भागलं तर इंजिन उघडायचा खर्च तरी वाचेल.