वाचकांचे प्रश्न : रक्तस्रावात सलाइन बेतानेच का?

प्रश्न : खंडवा रस्त्यावर झालेल्या अपघातात माझ्या धाकट्या दिरांच्या मांडीचे हाड मोडले. त्यांचे हातपाय गार पडले आणि रक्तदाब घसरला. डॉक्टरांनी सलाइनची एकच बाटली लावून आम्हाला तातडीने रक्ताची सोय करण्यास सांगितले. ते आता बरे आहेत. परंतु आणखी बाटल्या लावल्या असत्या तर रक्तदाब लवकर सावरला असता का, ही रुखरुख घरात आहे.
— एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ही रुखरुख मनातून काढून टाका. तुम्ही सांगितलेल्या स्थितीत डॉक्टरांनी हात आखडता घेतला, तो योग्यच होता.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. मांडीच्या मोडलेल्या हाडाभोवती, बाहेर फारसे न दिसताही, एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. नाडी आधी जलद होते. रक्तदाब मात्र साधारणपणे ३० टक्क्यांच्या वर रक्त गेल्यावरच स्पष्टपणे उतरतो, म्हणून तो उतरलेला दिसतो तेव्हा पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो.

साधे सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखाच शिरेतून देण्याचा क्षारांचा द्रव) रक्तवाहिन्या तात्पुरत्या भरते, पण तासाभरात त्याचा मोठा भाग वाहिन्यांबाहेर ऊतींमध्ये उतरतो. त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी नाहीत आणि रक्त गोठवणारे घटकही नाहीत. उलट, उरलेले रक्त पातळ होते, गार द्रवाने शरीर थंड पडते, थंड शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, आणि दाब एकदम वाढला तर जखमेवर नुकतीच धरलेली गुठळी सुटून रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. ह्यूस्टन येथील १९९४च्या प्रसिद्ध अभ्यासात, धडावर भोसकल्याच्या वा गोळीच्या जखमा असलेल्या ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेपर्यंत द्रव दिला नाही त्यांतील ७० टक्के वाचले, तर आधीच द्रव दिलेल्यांतील ६२ टक्के. तो निष्कर्ष प्रत्येक अपघाताला जसाच्या तसा लावता येत नाही, विशेषतः डोक्याला मार असेल तर नाहीच, कारण मेंदूला कमी रक्तदाब सोसत नाही. तरीही विचाराची दिशा बदलली : अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या २०१८च्या अभ्यासक्रमात प्रौढांसाठी सुरुवातीचा द्रव दोन लिटरांऐवजी एक लिटर करण्यात आला, आणि तोही कोमट.

मोठ्या रक्तस्रावात तांबड्या पेशी, प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग, ज्यात गोठवणारे घटक असतात) आणि प्लेटलेट्स (गुठळी धरणाऱ्या सूक्ष्म पेशी) जवळपास समप्रमाणात देतात; सोबत कॅल्शियमकडे लक्ष ठेवतात, कारण साठवलेले रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेले सायट्रेट ते कमी करते. ट्रानेक्सामिक आम्ल हे गुठळी विरघळू न देणारे स्वस्त औषध दुखापतीनंतर तीन तासांच्या आत मिळाले तर मृत्यू कमी होतात, हे २०१० साली वीस हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत दिसले. तीन तासांनंतर मात्र ते अपाय करू शकते. आणि रक्तस्राव थांबवल्याशिवाय यांतील काहीच पुरे पडत नाही.

नातेवाइकांनी दिलेले रक्त एचआयव्ही, कावीळ ब व क, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या तपासण्या झाल्याशिवाय देता येत नाही. म्हणून निकडीच्या वेळी बहुधा पेढीतील साठाच वापरला जातो. तुमचा दाता तो साठा भरून काढतो. प्रसंग येण्याआधीच घरातील निरोगी माणसांनी वेळोवेळी रक्त दिले, तर हे अधिक सुरळीत होते. अपघाताच्या जागी मात्र १०८ला फोन करावा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, तो उचलून पाहू नये, अंगावर पांघरूण घालावे आणि तोंडाने पाणी पाजू नये.