आई-वडील दोघेही ठणठणीत, तरी मुलीला सिकलसेल कसा? पुढची मुलं चांगली होतील का?

तुमच्या काका-काकूंना कसलाच त्रास नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत दोघांचाही पॅटर्न 'एएस' निघाला, म्हणजे एक जनुक चांगलं ('ए') आणि एक सिकलसेलचं ('एस'); आणि पहिली मुलगी 'एसएस', म्हणजे दोन्ही जनुकं सिकलसेलची, म्हणून आजारी. घरचे म्हणतात, "चारात एक असतो, तो झाला, आता पुढची तिन्ही चांगलीच होणार." हे बरोबर आहे का, आणि दहावीतल्या कार्बनी संयुगांचा याच्याशी काही संबंध लागतो का, असं तुम्ही विचारलंय.

आधी घरच्यांचा हिशेब, कारण त्यावर विसंबून कुणी निर्णय घेऊन बसेल. तो साफ चुकीचा आहे. 'चारात एक' ही शक्यता प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होते. नाणं एकदा छापा पडलं म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असं नसतं ना, तसंच. काकांकडून 'ए' किंवा 'एस' यांपैकी एक जनुक येणार, काकूंकडून एक. दोन्हीकडून 'एस' येण्याची शक्यता दर वेळी २५ टक्के. म्हणजे पुढची तिन्ही मुलं आजारापासून मुक्त असण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, ६४ पैकी २७, जेमतेम ४२ टक्के. आणि जी मुलं आजारी नसतील त्यांच्यातही प्रत्येक मूल वाहक, म्हणजे काका-काकूंसारखं 'एएस', असण्याची शक्यता तीनात दोन.

हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं, लिंग गुणसूत्रावर नाही. मुलगा असो की मुलगी, धोका सारखाच, आणि आई-वडिलांचा वाटाही अगदी समसमान. मी गडचिरोलीकडे विज्ञान शिकवते. अशा घरांत बोल सुनेलाच लावले जातात, ते पाहून फार वाईट वाटतं. तुमच्या काकूंना कुणी बोलत असेल तर एवढं तरी घरात मोठ्याने सांगा.

आता कार्बनी संयुगांकडे येऊ. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण पुस्तकाच्या दोन भागांत पडलेले धडे इथे एकत्र येतात. हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यांतलं फक्त सहावं बदलतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. त्यामागे डीएनएमधलं एकच अक्षर आहे, जीएजीचं जीटीजी होतं.

या दोघांची रचना कागदावर काढून बघा. ग्लुटामिक आम्लाच्या बाजूच्या शाखेच्या टोकाला कार्बॉक्झिलिक आम्लाचा गट आहे, व्हिनेगरमधल्या इथेनॉइक आम्लात असतो तोच क्रियात्मक गट. रक्तात तो हायड्रोजन सोडतो, ऋणप्रभारित होतो आणि पाण्यात सुखाने राहतो. व्हॅलिनच्या शाखेत मात्र नुसते कार्बन आणि हायड्रोजन. प्रभार नाही, पाण्याशी जमत नाही. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर तशीच पाण्याला टाळणारी एक खाच उघडी पडते आणि व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत लांब तंतू तयार होतात, लाल पेशी ताणून विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. सांधे-हाडं दुखण्याचं मूळ हेच. साधी लाल पेशी १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांत फुटते, म्हणून ॲनिमिया.

'एएस' माणसाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं, त्यामुळे तंतू सहसा बनत नाहीत. काका-काकू म्हणूनच ठणठणीत आहेत.

तपासणीही याच रसायनशास्त्रावर चालते. पहिल्या चाचणीत रक्ताच्या थेंबातला ऑक्सिजन काढून घेणारं द्रावण वापरतात. 'एस' असेल तर ते गढूळ होतं. पण 'एएस' आणि 'एसएस' दोन्ही गढूळच दिसतात. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे विजेच्या धन आणि ऋण टोकांमध्ये हिमोग्लोबिन सरकवून बघतात. ऋणप्रभार कमी झालेलं हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतं, त्याचा पट्टा मागे राहतो. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हाच फरक दाखवला होता. नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय हे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. पट्टा एक की दोन, यावरून पॅटर्न ठरतो. काका-काकूंचा रिपोर्ट नुसत्या गढूळपणावरून दिलेला नाही ना, हे एकदा पाहून घ्या.

दुसरं मूल हवं असेल तर गर्भधारणेआधीच आनुवंशिकता समुपदेशकाला भेटायला सांगा. साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचा पॅटर्न कळू शकतो. नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी कायदेशीर आहे. ती केली नाही, तर जन्मल्यावर लगेच बाळाचं रक्त तपासा. बाळ गुटगुटीत दिसतंय म्हणून थांबू नका, कारण पहिले काही महिने त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं आणि त्यात बीटा साखळीच नसते.